फॉर्म दिवाळीनंतर, निर्णय मात्र जूनमध्ये: नाशकात शिकायला येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्तीचं गणित

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर दरवर्षी तीच रांग लागते. सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, नांदगाव, कुठून कुठून आलेली मुलं. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दाखल्यांची चळत, आणि तोंडी एकच तक्रार: "सर, महाडीबीटीवर योजना दिसतच नाहीये."

महाडीबीटी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. प्रोफाइलमध्ये भरलेल्या माहितीत जी योजना बसते तेवढीच ते दाखवतं. न दिसण्यामागे कधी प्रवर्ग चुकलेला असतो, कधी उत्पन्नाचा आकडा. तेवढं दुरुस्त करता येतं. पण प्रवेश कुठल्या फेरीतून घेतला, कोर्सचं नाव काय, मध्ये किती वर्षं गेली, या गोष्टी नोव्हेंबरात कोणाच्याच हातात नसतात. म्हणून हा लेख बारावीचा निकाल हातात असलेल्यांसाठी, आणि पहिल्या वर्षाला नुकतेच बसलेल्यांसाठी आहे. फॉर्म कसा भरायचा ते सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. फॉर्म भरण्याआधी जे ठरून जातं, ते सांगतो.

आधी आपलं घर कुठल्या रकान्यात बसतं ते बघा

हे पटकन आटपतं. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत. अनुसूचित जातीच्या मुलांचं उत्पन्न त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला खिडकीवर सगळे अजून 'ईबीसी' म्हणतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांत तिच्यातून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे.

'शिक्षण शुल्क' हा शब्द नीट वाचा. कॉलेज सांगतं तो आकडा एकूण फीचा असतो. त्यात विकास शुल्क, अनामत, बस, जिमखाना असं बरंच काही मिसळलेलं असतं. ईबीसीवाल्यानं एकूण आकड्याचा निम्मा धरला की घरचं बजेट पहिल्याच महिन्यात कोलमडतं. प्रवेशाच्या दिवशीच फीची फोड लेखी मागून घ्या.

जागा कशी मिळाली

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त रडारड याच एका मुद्द्यावरून होते, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, लॉ अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीकृत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून होतात. शाहू महाराज योजनेची पहिलीच अट कॅपमधून झालेल्या प्रवेशाची आहे. मुलींच्या फी माफीतही व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे, म्हणजे कॉलेजनं कॅपबाहेर स्वतः दिलेले, प्रवेश वगळलेले आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंसुद्धा त्या निर्णयाच्या बाहेर आहेत.

होतं काय, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हवी ती ब्रँच मिळत नाही. घरी चर्चा होते. कोणीतरी ओळखीचा सांगतो, "कॉम्प्युटरच घे, इन्स्टिट्यूट लेव्हलला जागा आहे, फी तीच आहे." फी खरंच तीच असते. पण ती अख्खी तुमच्या खिशातून जाते आणि चार वर्षं जाते. कॅपमधून मिळालेली मेकॅनिकलची जागा आणि संस्था स्तरावर घेतलेली कॉम्प्युटरची जागा यांत शिक्षण शुल्क समजा वर्षाला ९० हजार असेल, तर ईबीसीच्या मुलाला चार वर्षांत १ लाख ८० हजारांचा फरक पडतो. ओबीसी मुलीला ३ लाख ६० हजारांचा. हा आकडा कागदावर लिहून, तो समोर ठेवून ब्रँच ठरवा. कॉम्प्युटर घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. घरची ऐपत असेल, मुलाला मनापासून तेच करायचं असेल, तर जरूर घ्या. पण 'नंतर स्कॉलरशिप बसवून घेऊ' या भरवशावर घेऊ नका, कारण ती बसत नाही. एकदा एका वडिलांनी मला विचारलं होतं, "साहेब, काही मार्ग?" पोरगा शेजारी मान खाली घालून उभा होता. मार्ग नव्हता.

आता करायचं काय? विकल्प भरताना यादी लांब ठेवा. नाशिक शहर आणि आसपास इंजिनिअरिंगची कॉलेजं पुष्कळ आहेत: पंचवटीकडे, आडगावला, त्र्यंबक रोडला, शिवाय तालुक्यांच्या ठिकाणी. तीन-चार नावाजलेली नावं भरून थांबलं तर कॅपमधून जागा हुकते आणि मग संस्था स्तराशिवाय पर्याय उरत नाही. जागा मिळाल्यावर अलॉटमेंट लेटर दोन प्रती काढून ठेवा. त्यावरचा कॅपचा अर्ज क्रमांक महाडीबीटीला लागतो. आणि प्रवेश देताना कॉलेज सही घेतं त्या कागदावर 'प्रवेशाचा प्रकार' काय लिहिलंय ते वाचूनच सही करा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनाही हेच लागू. सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेली हुशार मुलंसुद्धा थेट दुसऱ्या वर्षाच्या कॅपचा फॉर्म भरायला विसरतात आणि कॉलेजात जाऊन 'जागा आहे का' विचारतात.

कोर्सचं नाव नीट वाचा

२०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही सीईटी लागू झाली, कारण हे अभ्यासक्रम एआयसीटीई, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. त्यानंतर काही महाविद्यालयांनी नावं बदलली. आतला अभ्यासक्रम बराचसा तोच, पण पाटीवरचं नाव वेगळं, म्हणजे सीईटी नको. मुलांना ते सोपं वाटतं. पण फी सवलत कोर्सच्या नावावर आणि मान्यतेवर चालते. दोन सारखे दिसणारे कोर्स, एक शासनाच्या व्यावसायिक यादीत आणि दुसरा नाही, असं होऊ शकतं. प्रवेशाआधी महाडीबीटीवर त्या योजनेच्या माहितीत कोर्सची यादी उघडा आणि तुमच्या कॉलेजच्या नावासमोर तुमचा कोर्स आहे का ते डोळ्यांनी बघा. 'आमच्याकडे सगळ्यांना मिळते' या तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, मग ते उत्तर माझ्यासारख्यानं दिलेलं असलं तरी.

मुक्त विद्यापीठाचंही सांगतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे नाशकात आहे. सातपूर-अंबडला कामावर जात पदवी पूर्ण करणाऱ्या किती जणांचं भलं त्यानं केलंय. पण शाहू महाराज योजना दूरस्थ, ऑनलाइन किंवा अर्धवेळ शिक्षणाला लागू नाही. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्तीही (तिच्याबद्दल पुढे सांगतो) नियमित अभ्यासक्रमालाच मिळते. नोकरी करत शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठाची कमी फी आणि नियमित कॉलेजची सवलत यांची बेरीज-वजाबाकी आधी करा.

उलट बाजूही आहे. सायन्सला भरपूर गुण मिळवून फक्त 'लोक काय म्हणतील' म्हणून इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना माहीत नसतं की मूलभूत विज्ञानासाठी केंद्राच्या विज्ञान खात्याची इन्स्पायर योजना आहे. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असणारे आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र अशा विषयांत बीएस्सी करणारे यांच्यासाठी. वर्षाला ८० हजार, त्यातले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला गेलं की ही योजना बंद. त्या वर्षी अर्ज कधी मागवलेत ते मात्र तपासा.

एका वेळी बहुतेक एकच

केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असावं लागतं आणि उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत. पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पण ही घेतली की राज्याची शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही.

मग निवड कशी करायची? इंजिनिअरिंगला ईबीसीतून ४०-४५ हजार वाचत असतील तर १२ हजारांच्या मागे लागू नका. पण अनुदानित कॉलेजात साधं बीए किंवा बीकॉम करत असाल, जिथे शिक्षण शुल्कच काही शे-हजारांत आहे, तिथे हे १२ हजार सरळ खात्यात येतात आणि वर्षभराच्या मेसला हातभार लागतो. मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती योजना आहे, वर्षाला ५० हजार, एआयसीटीई मान्य डिप्लोमा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना. एका कुटुंबातल्या दोनच मुलींना. तिथेही हाच हिशोब करा: माफी किती रकमेची मिळतेय, आणि ५० हजार त्यापेक्षा जास्त की कमी. दोन्हीकडे अर्ज टाकून 'जे लागेल ते' म्हणायची सवय वाईट. आधार एकच असतं, दोन्ही पोर्टलं ते बघतात.

घरात धाकटी भावंडं असतील तर आणखी एक गोष्ट. शाहू महाराज योजनेचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो. तिघं असतील तर कोणाचा कोर्स महाग याचा विचार मोठ्याच्या वेळीच करावा लागतो. हे बोलायला अवघड जातं, पण घरात बोलून घ्या.

मध्ये गेलेली वर्षं

नीट रिपीट, स्पर्धा परीक्षा, घरचं द्राक्षाचं पीक, बहिणीचं लग्न, गॅप कशामुळेही पडतो. एक वर्षाचा गॅप आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, यात काही बिघडत नाही. शाहू महाराज योजनेत अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला की पात्रता जाते. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची आणि पुन्हा परत यायची सोय आहे. ती चांगलीच आहे. पण शिष्यवृत्तीचे नियम अजून जुन्या चालीचे आहेत. सलग शिकणारा विद्यार्थी त्यांना कळतो, येऊन-जाऊन शिकणारा कळत नाही. बाहेर पडणार असाल तर 'परत आलो तर माझी योजना चालू राहील का' हे खिडकीवर विचारा आणि मगच अर्ज द्या.

वर्ग सुरू झाल्यावर: हजेरी आणि बॅक

शाहू महाराज योजनेत मागच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी लागते, पहिल्या वर्षाच्या नव्या मुलांना तेवढी सूट. केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के गुण. सीबीएस बसस्थानकावरून बस उशिरा आली हे कारण एखाद्या दिवशी चालतं. रोज निफाड किंवा सिन्नरहून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी पहिल्या लेक्चरचं गणित आधीच बसवावं.

बॅकलॉगचं मुलांना उगाच भय असतं, आणि जिथे भय हवं तिथे नसतं. एखाद-दुसरा विषय राहिला आणि एटीकेटीवर पुढच्या वर्षाला गेलात तर बहुतेक राज्य योजना चालू राहतात, कारण त्या पुढच्या वर्गातला प्रवेश बघतात. गुणांची अट असलेल्या योजनांचं वेगळं. खरी अडचण इयर डाऊनची, म्हणजे पुढच्या वर्गात न जाता वर्ष वाया जाण्याची. इंजिनिअरिंगला साधारण नियम असा की पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. स्वायत्त महाविद्यालयांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते वेगळे वाचा. म्हणजे पहिल्या वर्षाचा एक गणितासारखा रेंगाळलेला विषय दुसरं वर्ष संपताना सगळं अडवून ठेवतो, आणि त्या वर्षाचे पैसेही.

केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक योजनेत पहिल्या गटातल्या, म्हणजे इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांत, एकदा नापास झालेल्याला नूतनीकरण मिळू शकतं. दुसऱ्यांदा नापास झालात की पुढच्या वर्गात जाईपर्यंत खर्च स्वतःचा. म्हणून माझा सल्ला असा: सहा विषयांचा अर्धवट अभ्यास करून सगळे काठावर सोडण्यापेक्षा, जे विषय पुढच्या वर्षाचा प्रवेश अडवतात ते आधी सोडवा. पोरं उलट करतात. सोपे विषय आधी, गणित शेवटी. आजारपणामुळे परीक्षा हुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांचा दाखला कॉलेजला द्या. आजारपणाची तरतूद नियमांत आहे, पण सहा महिन्यांनी आणलेल्या दाखल्याकडे कोणी बघत नाही.

ब्रँच बदलायची, कॉलेज बदलायचं, दुसरी पदवी घ्यायची

याबाबत पोस्ट मॅट्रिकचे नियम सगळ्यात कडक आहेत. ज्या विषयासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली तो विषय किंवा ती संस्था शासनाची पूर्वपरवानगी न घेता बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. मध्येच शिक्षण सोडलं तर मिळालेली रक्कम परत मागण्याचा अधिकारही शासनाकडे आहे. तेव्हा पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलताना कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आधीचा अर्ज, नवा प्रवेश आणि परवानगीचं पत्र अशी फाइल बनवा. नवा अर्ज टाकायचा की नूतनीकरणाचा, हेही तिथेच विचारा. चुकीचं बटण दाबलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो.

बीए झालं आणि पुन्हा बीकॉम करतोय, एका विषयात एमए झालं आणि आता दुसऱ्या विषयात एमए, म्हणजे त्याच पातळीवर दुसरा विषय, याला ही शिष्यवृत्ती नाही. होस्टेलला राहता यावं म्हणून दुसऱ्या एमएला नाव घालणारे दरवर्षी असतात. त्यांची अडचण मला कळते, पण नियम कळूनच नाव घाला. एमए नंतर बीएड किंवा लॉ असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, तो समाज कल्याण कार्यालयात विचारा.

राहण्या-खाण्याचे पैसे

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. नाशिकसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार. विद्यार्थी शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, मागच्या परीक्षेत किमान गुण असावेत, हजेरी असावी. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. कॉलेज महापालिका हद्दीत आहे की बाहेर, किती अंतरावर, याचाही त्यात संबंध येतो. त्र्यंबक रोडला किंवा दिंडोरीकडे हद्दीबाहेर प्रवेश घेतला असेल तर खोली कुठे घ्यायची ते यावर ठरवा, मित्र कुठे राहतात यावर नको.

आदिवासी विकास आयुक्तालयच नाशकात आहे, जुन्या आग्रा रोडवर गडकरी चौकाजवळ. समाज कल्याण कार्यालय नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं दोन, नाशिक आणि कळवण. तुमचा तालुका कुठल्या प्रकल्पात येतो ते माहीत नसलं की एक दिवस आणि दोन बसभाडी वाया जातात.

पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात असाल तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा आणि शिका योजनाही विचारा. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, ऑफिसात तासावर काम. पैसे फार नाहीत, पण वेळेवर येतात.

शैक्षणिक कर्जाकडे जाणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा. केंद्राची ४.५ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांसाठीची व्याज अनुदान योजना नॅक (कॉलेजची गुणवत्ता तपासणारी परिषद) मान्यता असलेल्या संस्थेला किंवा एनबीए (कोर्सची गुणवत्ता तपासणारं मंडळ) मान्यता असलेल्या कोर्सला लागू होते, आणि शिक्षण मध्येच सोडलं तर ते अनुदान बंद. कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवर 'नॅक' लिहिलेलं असतं. त्याची मुदत संपली का, ते नॅकच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं.

कागद, थोडक्यात

उत्पन्नाचा दाखला कुटुंब ज्या तालुक्यात राहतं तिथल्या तहसीलचा, आणि चालू वर्षाचा. जातवैधता नसेल तर अकरावी-बारावीतच अर्ज टाका, कॅपच्या फेऱ्यांत ती मिळत नाही. बँक खातं आधारशी नुसतं लिंक असून भागत नाही, सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात जमा व्हावेत अशी नोंद, लागतं. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असंच म्हणा. वडिलांच्या जुन्या खात्यावर किंवा बंद पडलेल्या सिमवर अर्ज करू नका.

अर्ज भरल्यावर पंधरा दिवसांनी एकदा लॉगिन करा. 'सेंड बॅक' दिसलं म्हणजे अर्ज नाकारला असं नाही, दुरुस्तीसाठी परत आलाय. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर मात्र कोणी फोन करून सांगत नाही. आमच्या खिडकीवर मार्चमध्ये येणाऱ्या निम्म्या मुलांचा अर्ज डिसेंबरपासून त्यांच्याच लॉगिनमध्ये पडून असतो.